निगेटिव्हवरची ती एक रेघ: दोषी शोधायला मदत हवी

छायावेडा
नमस्कार मंडळी. गेले तीन रोल माझ्या निगेटिव्हवर एक रेघ येते आहे. केसासारखी बारीक, अगदी सरळ, पहिल्या फ्रेमपासून छत्तिसाव्यापर्यंत. फोटो सरळ धरला की ती वरच्या भागातून आडवी जाते. आकाश असेल तर आकाशातून, माणूस असेल तर नेमकी कपाळावरून.

कॅमेरा जुना, पूर्ण मेकॅनिकल एसएलआर, वडिलांकडून आलेला. फिल्म कृष्णधवल, ३५ मिमी, कारखान्यातून भरून आलेले सीलबंद रोल. धुवायला लॅबमध्ये देतो, स्कॅन घरी करतो.

तिसऱ्या रोलमध्ये माझ्या आजीचा फोटो आहे. खिडकीपाशी बसून ती सुईत दोरा ओवते आहे, एक डोळा मिटलेला, जिभेचं टोक ओठांत धरलेलं. आजी आता नाही. आणि रेघ तिच्या कपाळावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आहे. मला हा फोटो कागदावर, डार्करूममध्ये प्रिंट करून हवा आहे.

माझा संशय लॅबवर आहे. उद्या तिथे जाऊन जाब विचारायचं ठरवलंय. त्याआधी जाणकारांचं मत हवं.

रिळवाला
लॅबच. दुसरं कोण असणार? मशीनचे रोलर कोणी पुसत नाही.

तांबडा_दिवा
रिळवाला, एवढी घाई नको. आणि छायावेडा, उद्या जाऊ नका. आधी तीन गोष्टी सांगा.

१. रेघ निगेटिव्हवरच आहे ना, की फक्त स्कॅनमध्ये? निगेटिव्ह भिंगाखाली बघा.
२. पॉझिटिव्हमध्ये, म्हणजे फोटोत, रेघ काळी आहे की पांढरी?
३. दोन फ्रेमच्या मधल्या कोऱ्या पट्टीतूनही जाते का?

पहिलाच_रोल
फक्त स्कॅनमध्ये रेघ असं कसं होईल? चरा तर फिल्मवर पडतो ना?

तांबडा_दिवा
होतं आणि पुष्कळदा होतं. फ्लॅटबेड स्कॅनरमध्ये सेन्सर ही एक पट्टी असते आणि ती चित्रावरून सरकत जाते. सुरुवातीला काचेच्या एका ठरावीक भागावर स्कॅनर स्वतःचं कॅलिब्रेशन करतो. तिथे धुळीचा एक कण असला तरी तो कण रेघ होऊन पूर्ण स्कॅनभर ओढला जातो. अशी रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ असते, पिक्सेलभर रुंद, आणि रंगीत स्कॅन असेल तर पुष्कळदा निव्वळ लाल, हिरवी किंवा निळी. निगेटिव्ह ट्रेमध्ये थोडी तिरकी ठेवून पुन्हा स्कॅन करायची. रेघ चित्राबरोबर तिरकी झाली तर फिल्मचा दोष, जागची हलली नाही तर स्कॅनरचा.

छायावेडा
उत्तरं:
१. निगेटिव्हवरच आहे. भिंगातून स्पष्ट दिसते.
२. फोटोत काळी. निगेटिव्हवर पारदर्शक.
३. हो, मधल्या पट्टीतूनही अखंड जाते.

तांबडा_दिवा
मग चरा इमल्शनच्या, म्हणजे फिल्मवरच्या चांदीच्या थराच्या, बाजूला आहे. निगेटिव्हवर पारदर्शक म्हणजे तिथली चांदी खरवडून निघाली आहे. तिथून एन्लार्जरचा, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर फोटो मोठा करणाऱ्या यंत्राचा, प्रकाश थेट कागदावर पडतो आणि रेघ काळी उमटते. बेसच्या, म्हणजे चकचकीत बाजूला चरा असता तर प्रकाश तिथे विखुरला असता, खाली कमी पोचला असता आणि रेघ पांढरी आली असती.

जुनं_भिंग
तांबडा दिवा यांचं बरोबर आहे, पण पांढऱ्या रेघेच्या बाबतीत तो नियम अर्धाच लागू होतो. फिल्म धुण्याआधी इमल्शनवर हलका दाब किंवा घासणं झालं तर तिथले चांदीचे दाणे प्रकाश न लागताही डेव्हलप होतात. मग निगेटिव्हवर गडद रेघ येते आणि फोटोत पांढरी, चरा मात्र इमल्शनच्याच बाजूला. अशा रेघेला खोली नसते. त्यामुळे रंगावर विसंबू नका, पृष्ठभाग बघा.

पद्धत सांगतो. खोलीत एकच दिवा ठेवा. निगेटिव्ह डोळ्यांच्या रेषेत जवळजवळ आडवी धरा आणि दिव्याचं प्रतिबिंब तिच्या पृष्ठभागावरून सावकाश सरकवा. चरा ज्या बाजूला असेल त्या बाजूलाच प्रतिबिंब तुटतं. कुठली बाजू कुठली हे कळत नसेल तर फिल्मच्या कडेवरची अक्षरं वाचा. ती सुलट वाचता येत असतील तर तुमच्यासमोर चकचकीत बेस आहे, उलटी दिसत असतील तर इमल्शन. मी हे तीस वर्षं करतो आहे आणि आजही दर वेळी अक्षरं वाचूनच खात्री करतो.

छायावेडा
केलं. इमल्शनच. प्रतिबिंब तिथे मोडतं आणि नखाने नाही, पण नजरेने खाच जाणवते. म्हणजे लॅबवरचा संशय पक्का झाला ना?

लॅबवाली
मी दुसऱ्या एका लॅबमध्ये काम करते, म्हणून बोलते आहे. आमच्याकडून चरे पडत नाहीत असं मी म्हणणार नाही. रोलरवर सुकलेल्या रसायनाचा खडा बसला तर पडतात, आणि ज्याचा रोल जातो त्याला फोटो पुन्हा काढता येत नाही हे आम्हाला माहीत असतं. पण रोलर मशीनचा चरा एकट्या तुमच्या रोलवर येणार नाही. त्या दिवशी त्या मार्गाने गेलेल्या प्रत्येक रोलवर येईल. आणि फिल्म मशीनमध्ये दर वेळी केसभर इकडेतिकडे शिरते, त्यामुळे वेगवेगळ्या दिवशी धुतलेल्या तीन रोलवर रेघ एकाच जागी येणं जरा अवघडच.

म्हणून पट्टी घ्या. फिल्मच्या कडेपासून रेघेपर्यंतचं अंतर तिन्ही रोलवर मोजा.

शिवाय लॅबला विचारा की फिल्म रोलरवरून जाते की टांगून टाक्यांत बुडवतात. टांगत असतील तर चित्राच्या भागाला काही शिवतच नाही.

रिळवाला
ताई, राग नसावा. माझे दोन रोल असेच गेले होते म्हणून बोललो.

लॅबवाली
राग नाही. तुमचे दोन रोल गेले याचं वाईटच वाटलं.

सुस्पष्ट
तीन रोल म्हणजे तीन कॅसेट. कॅसेटच्या तोंडाशी मखमल असते, तिच्यात वाळूचा कण अडकला तर अशीच अखंड रेघ येते. माझा अनुभव आहे.

तांबडा_दिवा
येते, पण तीन वेगवेगळ्या सीलबंद कॅसेटमध्ये कण एकाच जागी कसा अडकेल? तुम्ही रोल स्वतः भरता का?

सुस्पष्ट
हो, १०० फुटी फिल्म घेऊन. ३६ फ्रेमचे अठरा-एक रोल होतात. कॅसेट पुन्हा पुन्हा वापरतो.

तांबडा_दिवा
तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. एकच कॅसेट पुन्हा वापरली की मखमल धूळ धरून ठेवते. मी प्रत्येक कॅसेटवर तारीख आणि किती वेळा वापरली ते लिहितो, पाच वेळा झाली की टाकून देतो. भरण्याआधी मखमलीवर चिकटपट्टी हलकेच टेकवून उचलली तर काय काय निघतं ते एकदा बघाच. आणि लोडरच्या, म्हणजे लांब फिल्म कॅसेटमध्ये भरायच्या डबीच्या, स्वतःच्या फटीतही मखमल असते, ती सगळे विसरतात.

साबणपाणी
फिल्म वाळत घालताना स्क्वीजीने निपटता का कोणी? पुष्कळ चऱ्यांचं मूळ तेच. ओलं जिलेटिन फुगून मऊ झालेलं असतं. त्यावर रबराची पट्टी फिरवायची आणि त्या पट्टीत एक कण असला की झालं.

रिळवाला
मी वीस वर्षं स्क्वीजी वापरतो. एकही चरा नाही. आधी ती पाण्यात भिजवून घ्यायची आणि एकदाच, वरून खाली, न थांबता ओढायची. नाही निपटलं तर पाण्याचे डाग पडतात ते कोण काढणार?

साबणपाणी
डाग पडू नयेत म्हणून वेटिंग एजंट असतं, पाणी थेंबांत न साचता सपाट पसरवणारं रसायन. १ भागाला २०० भाग पाणी, तेही डिस्टिल्ड. अर्धा मिनिट बुडवायची, तिरकी टांगायची, पाणी एका कडेला आपोआप उतरतं. डाग पुन्हा धुऊन काढता येतो, चरा काढता येत नाही.

रिळवाला
प्रत्येकाची पद्धत.

साबणपाणी
पद्धत तुमची, निगेटिव्ह पण तुमचीच. पण नवशिक्यांना स्क्वीजी सुचवू नका ही हात जोडून विनंती.

प्रोजेक्टर_खोली
अवांतर: मी बरीच वर्षं सिनेमाची रिळं चालवली. आमच्याकडे रेघा उभ्या असायच्या, कारण सिनेमाची फिल्म वरून खाली धावते. एका फ्रेमला चार छिद्रं, सेकंदाला २४ फ्रेम, मिनिटाला ९० फूट. स्थिर कॅमेऱ्यात तीच फिल्म आडवी चालते, एका फ्रेमला आठ छिद्रं, म्हणून तुमची रेघ आडवी.

पडद्यावर 'पाऊस' पडायला लागला की लोक म्हणायचे फिल्म जुनी झाली. वय कशाला, ते हाताळणीचे वळ असत. सैल गुंडाळलेलं रीळ कोणी टोक धरून घट्ट ओढलं की आतले वेढे एकमेकांवर घासतात आणि बारीक बारीक तुटक चरे पडतात. मी नवीन पोरांना पहिली गोष्ट हीच शिकवायचो, रीळ ओढून घट्ट करायचं नाही, गुंडाळून घट्ट करायचं. घरी रोल कॅसेटमधून काढल्यावर तो हातात आवळून बारीक करायची सवय असेल तर सोडा.

आणि रंगीत प्रिंटवर चरा किती खोल गेला हे रंगावरून कळायचं. सिनेमाच्या प्रिंटमध्ये सगळ्यात वरचा थर मजेंटाचा, म्हणजे गुलाबी-जांभळ्याचा. तो गेला की खाली निळसर सायन आणि पिवळा उरतो, म्हणून पडद्यावर हिरवी रेघ. सगळे थर गेले की पांढरी.

चांदीचे_दाणे
सुंदर माहिती. स्लाइड फिल्ममध्ये थरांचा क्रम वेगळा. वर पिवळा, मग मजेंटा, तळाला सायन. त्यामुळे वरवरचा चरा निळा दिसतो, थोडा खोल गेला की सायन, पार बेसपर्यंत गेला की पांढरा. रंगीत निगेटिव्हवरून केलेल्या फोटोत ढोबळमानाने पिवळी, मग लाल, मग काळी. आमच्या डार्करूममध्ये एका भिंतीवर मी खराब झालेल्या पट्ट्या चिकटवून ठेवल्यात, प्रत्येकीखाली कारण लिहून. नवीन चरा आला की आधी त्या भिंतीपुढे उभा राहतो.

पहिलाच_रोल
वाचनखूण साठवली आहे. पण स्कॅनरमध्ये धूळ-चरे आपोआप काढायची सोय असते ना, ती वापरली की झालं नाही का?

चांदीचे_दाणे
ती इन्फ्रारेड किरणांवर चालते. रंगीत निगेटिव्हमधले रंग इन्फ्रारेडला पारदर्शक असतात, अडथळा फक्त धूळ आणि चऱ्यांचा होतो, म्हणून यंत्राला ते ओळखता येतात. नेहमीच्या कृष्णधवल फिल्ममध्ये चित्र चांदीचं असतं आणि चांदी इन्फ्रारेडही अडवते. यंत्राला सगळं चित्रच धूळ वाटतं. छायावेडांना त्याचा उपयोग नाही.

छायावेडा
मोजलं. तिन्ही रोलवर कडेपासून १२.५ मिमी. अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. आणि लॅबला फोन केला. ते टांगून बुडवतात.

लॅबवाली ताई, तुमच्यामुळे मी उद्याचं जाणं रद्द केलं. फोनवरही माझा आवाज चढलाच होता. उद्या जाईन ते दिलगिरी व्यक्त करायला.

म्हणजे कॅमेरा. मागचं झाकण उघडून प्रेशर प्लेटचा, म्हणजे फिल्म सपाट दाबून धरणाऱ्या पत्र्याचा, वरचा भाग स्पिरिटने तीनदा पुसला. नवीन रोल घालतो आहे.

जुनं_भिंग
थांबा, थांबा. यात दोन गफलती आहेत.

पहिली. प्रेशर प्लेट फिल्मच्या पाठीला टेकते, म्हणजे चकचकीत बेसला. तुमचा चरा इमल्शनला आहे आणि इमल्शनचं तोंड लेन्सकडे असतं. प्रेशर प्लेट निर्दोष आहे.

दुसरी. तुम्ही वरचा भाग पुसलात, कारण फोटोत रेघ वर आहे. पण लेन्स चित्र उलटं पाडते. आकाश कॅमेऱ्यात खाली असतं, पाय वर. फोटोत वरच्या कडेला जे दिसतं त्याचं मूळ कॅमेऱ्यात खालच्या अंगाला शोधायचं. ३५ मिमी रुंद फिल्ममध्ये चित्र २४ मिमी, म्हणजे दोन्ही कडांना साडेपाच-साडेपाच मिमी सोडलेले. तुमचे १२.५ मिमी म्हणजे चित्राच्या कडेपासून ७ मिमी आत. कॅमेरा उभा धरा आणि गेटच्या, म्हणजे ज्या चौकटीतून प्रकाश फिल्मवर पडतो तिच्या, खालच्या कडेपासून ७ मिमी वर असलेल्या पातळीवर, डावीकडून उजवीकडे, फिल्म जिथून जिथून जाते तो सगळा रस्ता बघा.

तांबडा_दिवा
आणि त्या रस्त्यावर संशयित फार नाहीत. चांगल्या कॅमेऱ्यात चित्राच्या भागाला लेन्सच्या बाजूने काही टेकूच नये अशी रचना असते, फिल्म कडांच्या रुळांवरून सरकते. उरतात ते कॅसेटच्या खोलीची आणि गेटची भिंत जिथे मिळते तो कंगोरा, गेटच्या दोन उभ्या कडा, दातेरी चाकाचा दांडा आणि शेवटी फिल्म गुंडाळणारा स्पूल.

साबणपाणी
१२० फिल्मवाल्यांसाठीही (३५ मिमीहून रुंद फिल्म) हेच. तिला कॅसेट नसते, मागे कागद असतो, पण गेटच्या दोन्ही अंगांना रोलर असतात. एखादा रोलर गंजून फिरायचा थांबला की फिल्म त्याच्यावर घासत जाते. बोटाने फिरवून बघायला दोन सेकंद लागतात.

छायावेडा
दोन्ही गफलती मान्य. आकाश खाली असतं हे डोक्यातच आलं नाही. भिंग आणि बॅटरी घेऊन सगळा रस्ता पाहिला. मला काही दिसत नाही. सगळं काळं, सगळं सारखंच.

लॅब की कॅमेरा याची पक्की खात्री करायला एक प्रयोगही केला. नवा रोल काढला, चेंजिंग बॅगमध्ये (प्रकाश न शिरणारी पिशवी) मधोमध कापला, अर्धा लॅबला दिला, अर्धा घरी धुतला, आयुष्यात पहिल्यांदा. दोन्ही अर्ध्यांवर रेघ आहे, १२.५ मिमीवरच. लॅब पूर्ण निर्दोष. मात्र माझ्या अर्ध्यावर नखाएवढ्या चंद्रकोरीसारख्या खुणा पडल्या आहेत, चार-पाच. हे काय नवीन?

चांदीचे_दाणे
त्या तुमच्या बोटांच्या आहेत. धुण्याच्या टाकीतलं रीळ भरताना फिल्म जोराने वाकली की घडीच्या जागी दाब पडतो आणि तिथे चंद्रकोर डेव्हलप होते. अंधारात फिल्म अडकली की आपण जोर लावतो, तेव्हा जोर न लावता दोन वेढे मागे घ्यायचे. एक जुना वाया गेलेला रोल घेऊन उजेडात, मग डोळे मिटून, दहादा भरून बघा. पहिल्या धुण्यात चार-पाचच चंद्रकोरी म्हणजे हात चांगला आहे तुमचा.

जुनं_भिंग
आता कॅमेऱ्यातली नेमकी जागा शोधायची. त्यासाठी फिल्म धुवायचीही गरज नाही. चरा बघायला चित्र लागत नाही, पृष्ठभाग लागतो, आणि न धुतलेल्या फिल्मचं इमल्शन तिरक्या उजेडात छान दिसतं.

१. मुदत संपलेला एक रोल बळी द्या. भर उजेडात मागचं झाकण उघडून नेहमीसारखा घाला.
२. झाकण लावण्याआधी कॅसेटच्या तोंडाशी, फिल्म जिथे बाहेर येते त्याच ओळीवर, चकचकीत बाजूला मार्करने आडवी खूण करा.
३. झाकण लावा आणि दहा-बारा फ्रेम पुढे न्या.
४. रिवाइंड करू नका. रिवाइंड करताना फिल्म त्याच रस्त्याने उलटी जाते आणि सगळा पुरावा पुसला जातो. झाकण उघडा, कॅसेटपाशी कात्रीने कापा, स्पूलवरून फिल्म सावकाश सोडवून घ्या.
५. आता रेघ कुठे सुरू होते ते शोधा.

कारण असं की झाकण लावताना जी फिल्म दोषी जागेच्या पलीकडे होती, तिच्यावर रेघ नसणार. जी अलीकडे होती आणि नंतर तिथून गेली, तिच्यावर असणार. रेघेची सुरुवात म्हणजे झाकण बंद होताना दोषी जागा फिल्मच्या ज्या बिंदूवर होती तो बिंदू. मार्करच्या खुणेपासून तिथपर्यंतचं अंतर मोजा. कॅमेऱ्यात कॅसेटच्या तोंडापासून तेवढंच अंतर मोजा. तिथे बोट ठेवा.

तांबडा_दिवा
हे वाचून मी उठून उभा राहिलो. जुनं भिंग, इतकी वर्षं मी अंदाजाने चाचपडत होतो.

रिळवाला
+१. हे मला पहिल्या रोलच्या वेळीच माहीत असायला हवं होतं.

लॅबवाली
छायावेडा, एक विचारायचं राहिलं. रेघ सुरू होण्याआधी कॅमेरा कुठे गेला होता? पाणी, माती, प्रवास?

छायावेडा
समुद्रकिनारी. चांगलाच वारा होता. आणि रोल संपला म्हणून तिथेच, वाळूत बसून बदलला होता.

हे लिहिताना पोटात गोळा आला.

पहिलाच_रोल
सगळे छायावेडांच्या प्रयोगाची वाट बघताहेत तोवर एक विचारू? चऱ्यावर नाकाचं तेल लावतात म्हणे, खरं का?

प्रोजेक्टर_खोली
अगदी खरं. नाकाच्या कडेला बोट फिरवायचं आणि ते चऱ्यावर अलगद. तेल खाचेत भरतं, प्रकाश विखुरत नाही, रेघ नाहीशी होते. सिनेमाच्या लॅबमध्ये याच तत्त्वावर वेट गेट असतो. कॉपी काढताना फिल्म अशा द्रवात बुडवतात ज्याचा अपवर्तनांक बेसशी जवळजवळ जुळतो, आणि बेसवरचे चरे दिसेनासे होतात.

तांबडा_दिवा
पण फक्त बेसच्या बाजूला. छायावेडांच्या निगेटिव्हवर चांदीच निघून गेली आहे, तेल भरून ती परत येणार नाही. आजीच्या निगेटिव्हला कृपया तेलाचं बोट लावू नका.

छायावेडा
सापडलं!!!

रेघ मार्करच्या खुणेपासून ११ मिमी पुढे सुरू होते. तिच्यापुढची फिल्म स्वच्छ. कॅमेऱ्यात कॅसेटच्या तोंडापासून ११ मिमी मोजले तर बरोबर तो कंगोरा येतो, कॅसेटची खोली आणि गेट यांच्या मधला. खालून उंची मोजली आणि भिंगाखाली तिथे लाकडी टूथपिक फिरवली. टोक अडलं.

काळ्या रंगावर काळा ठिपका होता. झाकणाच्या सांध्यातला प्रकाश अडवणारा फोम जुना होऊन डांबरासारखा चिकट झाला आहे, त्याचा एक थेंब कंगोऱ्यावर उडून बसला होता. आणि त्या डांबरात रुतलेला वाळूचा एक कण. तोही काळा माखलेला, म्हणून बॅटरीतही दिसला नाही. पांढऱ्या कागदावर काढून स्पिरिटने धुतला तेव्हा चमकला. माझ्या हातात आत्ता आहे. खसखशीच्या दाण्यापेक्षाही लहान.

चार रोल आणि आजी, या एवढ्याशा कणाने.

लॅबवाली
डोळ्यांत पाणी आलं वाचून.

जुनं_भिंग
शाब्बास! लाकडी टूथपिक वापरलीत हे फार चांगलं. तिथे धातूचं टोक फिरवलं असतं तर कंगोऱ्यावर कायमचा ओरखडा राहिला असता आणि तोच पुढचा दोषी ठरला असता.

आता तेवढ्यावर थांबू नका. एक थेंब उडाला म्हणजे फोम सगळाच गेला आहे. उरलेला खरवडून काढा, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने खाच पुसा आणि नवीन सील बसवा. काम करताना कॅमेरा पालथा धरा म्हणजे कचरा शटरवर पडणार नाही. शटरच्या पडद्याला बोट, कापूस, हवेचा जोरदार फवारा, काहीही लागू देऊ नका.

सुस्पष्ट
मी कॅसेटच्या मखमलीवर अडून बसलो होतो. तुमच्या बाबतीत ते चुकलं. पण या धाग्यामुळे माझ्या सगळ्या कॅसेटवर चिकटपट्टी फिरवली. तीन कॅसेटमधून फिल्मच्या छिद्रांचे बारीक तुकडे निघाले. टाकून दिल्या.

छायावेडा
सील बदलले. एक अख्खा रोल काढून घरी धुतला. पूर्ण ३६ फ्रेम स्वच्छ, आणि चंद्रकोर एकच. लॅबमध्येही जाऊन आलो. त्यांना तो कण दाखवला, त्यांनी तो भिंगाखाली ठेवून सगळ्यांना बोलावून दाखवला.

आता मूळ प्रश्नाचा उरलेला भाग. आजीचं काय करू?

चांदीचे_दाणे
निगेटिव्हला हात लावायचा नाही. आधी शक्य तितक्या बारकाईने स्कॅन करून ठेवा, म्हणजे काहीही झालं तरी एक प्रत राहील.

मग डार्करूम. शक्य असेल तर विखुरलेल्या प्रकाशाचा एन्लार्जर वापरा, कंडेन्सरचा (भिंगाने एकवटलेल्या प्रकाशाचा) नको. रेघ जाणार नाही, पण तिच्या कडा जरा सौम्य होतील आणि बाकीची बारीकसारीक धूळ दिसणार नाही.

काळी रेघ कागदावर थेट रंगवून झाकता येत नाही, कारण आपण फक्त गडद करू शकतो. म्हणून आधी ती फिकी करायची. पोटॅशियम फेरिसायनाइडचं अगदी पातळ ब्लीच, सर्वांत बारीक ब्रश, ओल्या प्रिंटवरचं पाणी टिपून घेऊन, रेघेवरच. रेघ फिकी व्हायला लागली की लगेच पाणी, मग फिक्सर, मग पूर्ण धुणं. फिक्सरमध्ये रेघ आणखी थोडी उडते, म्हणून आपल्याला हवं त्याच्या जरा आधीच थांबायचं. प्रिंट वाळला की फिकी जागा स्पॉटिंगच्या रंगाने टिंबं टिंबं देत भरायची. रेघ ओढायची नाही, टिंबंच, आजूबाजूच्या दाण्यांसारखी.

आधी त्याच निगेटिव्हचे सहा-सात प्रिंट काढा आणि पाच बिघडवायची तयारी ठेवा.

तांबडा_दिवा
यात एक भर. कपाळावर आधीच सुरकुत्या असतील तर रेघेचा काही भाग त्यांच्यात मिसळू द्या. पूर्ण गुळगुळीत कपाळ केलंत तर आजी आजीसारखी दिसणार नाही.

छायावेडा
सात प्रिंट काढले. चार ब्लीचमध्ये गेले. पहिल्यात थांबायला उशीर झाला आणि कपाळावर पांढरा पट्टा उमटला, दुसऱ्यात ब्रशवर द्रव जास्त होता आणि तो भुवईत उतरला. पाचवा जमला.

काल रात्री टिंबं भरायला बसलो. भिंगातून बघितलं की कपाळ दिसत नाही, नुसते दाणे दिसतात. तीन तास लागले. भिंग बाजूला ठेवलं तेव्हा आजी दोरा ओवत होती.

प्रिंट तिरका धरला तर टिंबांची चमक अजून वेगळी दिसते, समोरून काही कळत नाही. यावर काही उपाय?

चांदीचे_दाणे
कागद चकचकीत आहे का? मग रंगात डिंकाच्या पाण्याचा थेंब घालायचा असतो. पुढच्या प्रिंटला करा. मॅट कागदावर ही अडचणच येत नाही.

छायावेडा
चकचकीत आहे. उरलेले दोन प्रिंट आज तसे करून बघतो.